झाड कुठे उभं होतं?

जर्मनीत भाड्याने घर मिळवायचं तर कागदांची जाड फाइल घेऊन जावं लागतं. पगाराच्या स्लिपा, बँकेचं पत्र, आधीच्या घरमालकाचं पत्र. ती फाइल छातीशी धरून मी आणि मृणाल स्टुटगार्टहून आधी एस-बानची लोकल आणि मग बस असा सव्वा तासाचा प्रवास करून त्या गावात पोचलो. तिथल्या घरमालकांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती आडवी ठेवली, तिच्यावर आपला कॉफीचा कप ठेवला आणि मला विचारलं, "तुमचं घर कुठे होतं? उतारावर की सपाटीला?"

मला वाटलं, माझं जर्मन कमी पडतंय. "स्टुटगार्टमध्ये. आत्ता आम्ही तिथे..."

"ते नव्हे. जिथे वाढलात ते."

"मिरजेला. सपाट आहे तिथे सगळं."

"ऊन कुठून यायचं?"

"मागच्या अंगणातून."

त्यांनी मान डोलावली आणि मृणालकडे वळले. ती पुण्याची, पर्वतीच्या पायथ्याशी चढावरच्या घरात वाढलेली. तिने तसं सांगितल्यावर ते जरा काळजीत पडले. "उतारावर वाढलं की एका बाजूने ताण जास्त येतो," असं काहीसं पुटपुटले आणि खिशातून वरच्या मजल्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

परतीच्या बसमध्ये मृणाल म्हणाली, "या आजोबांनी मला लाकूड समजलं का रे?"

लाकूडच समजले होते. घराच्या खाली, अंगणाच्या पलीकडे त्यांची लाकूड चिरायची सॉमिल होती. वडिलांनी सुरू केलेली, त्यांनी पन्नासेक वर्षं चालवलेली. वय अठ्ठ्याहत्तर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. एकुलती एक मुलगी, हाइके, हायडेलबर्गला लायब्ररीत कामाला. हल्ली ते तिच्याजवळच राहतात. पण मला ते आठवतात ते त्या अंगणातच, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात खडू, आणि समोर एखादा आडवा पडलेला ओंडका.

आमच्या मिरजेत लाकडाच्या वखारीत करवत दिवसभर किंचाळत असायची. ही सॉमिल दिवसातून जेमतेम दोन तास चालायची. बाकीचा दिवस मालक ओंडक्याभोवती फिरायचे. सालीवरून हात फिरवायचे. वाकून एका टोकाला कान लावायचे आणि दुसऱ्या टोकाला मला टिचकी मारायला सांगायचे. खडूने एक रेघ मारायचे, लांब जाऊन बघायचे, परत येऊन बाहीने ती पुसायचे. खडूचा हात तोंडाला लागून त्यांच्या गालावर कायम पांढरे पट्टे असत. मी त्यांना एकदा सांगितलं की आमच्या गावात तंबोरे बनवणारे लोक असंच टिचक्या मारून लाकूड ऐकतात. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग पंधरा दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "याच्या गावाला माहीत आहे."

गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. काय बनवायचंय, किती जाडीच्या फळ्या पाहिजेत, हे नंतर. आधी, "झाड कुठे उभं होतं?"

एकदा एक शेतकरी ट्रॅक्टरमागे ओकचा ओंडका घेऊन आला. त्याने सांगितलं, शेताच्या कडेला होतं. उताराची बाजू कुठली? त्याला सांगता येईना. वारा कुठून लागायचा? तो डोकं खाजवायला लागला. मालकांनी त्याला परत पाठवलं. ओंडका ठेवून घेतला, माणसाला पाठवलं. "जा, बुंधा बघून या." तो बिचारा दीड तासाने बुंध्याचे फोटो घेऊन आला, तेव्हा कुठे ओंडका करवतीच्या ट्रॉलीवर चढला.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. मी त्यांना एक एक्सेल करून दिलं होतं. ओंडक्याचा व्यास घातला की कमीत कमी लाकूड वाया घालवून जास्तीत जास्त फळ्या कशा निघतील ते त्यात दिसायचं. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं. "गेनाऊ," ते म्हणाले. "अगदी बरोबर. आणि गाठी कुठल्या खान्यात टाकायच्या?"

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि तीन बीट काढली. बीट कापलं की आत झाडासारखी वलयं दिसतात, हे माझ्या तोवर कधी लक्षात आलं नव्हतं. पहिलं बीट त्यांनी पावाच्या स्लाइस कराव्यात तसं सरळ आरपार कापलं. सगळ्यात सोपी पद्धत. रुंद फळ्या मिळतात, वाया काही जात नाही. दुसऱ्याच्या आधी चार फोडी केल्या आणि प्रत्येक फोडीच्या चकत्या अशा काढल्या की वलयं त्यांना उभी छेदतील. या फळ्या अरुंद, नासाडी जास्त, मेहनत दुप्पट. तिसरं त्यांनी फिरवत फिरवत कापलं. एका अंगाच्या दोन चकत्या काढायच्या, बीट वळवायचं, पुढच्या अंगाच्या दोन. शेवटी मधला चौकोनी गाभा हातात उरला. सगळ्या चकत्या तीन ताटल्यांत मांडून खिडकीत ठेवल्या आणि मला म्हणाले, "परवा या."

तिसऱ्या दिवशी पहिल्या ताटलीतल्या चकत्या पापडासारख्या वळल्या होत्या. दुसरीतल्या आक्रसल्या होत्या, पण सपाट होत्या. तिसरीत काही अशा, काही तशा.

"फळी ओंडक्यात कुठे होती ते ती विसरत नाही," ते म्हणाले. "माणूस म्हणतो, आता ती टेबल आहे. ती म्हणते, मी सालीजवळ होते. आणि हळूहळू सालीकडे तोंड करून वाकते."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आता सांगा, चुकीच्या पद्धतीने चिरलं तर परत कसं जोडणार?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना खरोखर हवं असल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले.

सॉमिलच्या खिडकीत त्यांचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात झाडांच्या पोटातून निघालेल्या वस्तू होत्या. घोड्याच्या नालेचा तुकडा, कुंपणाची काटेरी तार, खिळे, बंदुकीच्या गोळ्या, युद्धातले बॉम्बचे छर्रे, एक आख्खं कुलूप. "झाड ओरडत नाही," ते सांगत. "गिळतं, आणि वरून साल ओढून घेतं." बँडसॉचा पट्टा म्हणजे हातभर रुंद नसला तरी वीतभर रुंद, दातेरी पोलादी पट्टा, दोन मोठ्या चाकांवरून भन्नाट वेगाने फिरणारा. त्याच्या वाटेत लोखंड आलं की काय होतं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की डब्याचं झाकण लावायचे.

म्हणून प्रत्येक ओंडका मेटल डिटेक्टरने तपासायचा. विमानतळावर आपल्या अंगावरून फिरवतात तसलंच यंत्र. एकदा एका दिशेने, एकदा उलट, मग ओंडका उलटवून परत. दुसऱ्याने तपासला असेल तरी ते स्वतः पुन्हा तपासायचे. पट्ट्याला हात लावायच्या आधी मुख्य बटण बंद करायचे, किल्ली खिशात टाकायचे, तरी मला विचारायचे, "बंद आहे?"

"बंद आहे."

"नक्की?"

"नक्की."

"किल्ली माझ्या खिशात आहे ना?"

"आहे, तुमच्याच खिशात आहे."

हे तीनदा झाल्याशिवाय हात पुढे जायचा नाही. गावात त्यांचं नाव होतं. एवढ्या बारकाईने काम करणारा माणूस आता मिळत नाही, असं बेकरीतल्या बाईपासून पोस्टमनपर्यंत सगळे म्हणायचे.

आम्ही राहायला गेल्यावर वर्षभरातच माझी नोकरी गेली. गाड्यांच्या इंजिनांचे भाग बनवणारी कंपनी होती, आमचा विभागच बंद झाला. माझ्या व्हिसाचा हिशेब सरळ होता. तीन महिन्यांत दुसरी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मृणालला पाचवा महिना होता. तिची डॉक्टर इथे, बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये नाव घातलेलं इथे. मिरजेहून आईचा फोन आला की मी "सगळं ठीक" म्हणायचो आणि फोन ठेवल्यावर पुन्हा मेल उघडायचो. दर पाच मिनिटांनी. मी मेल बघत असलो की मृणालच्या ताटवाट्यांचा आवाज वाढायचा.

एकदा सकाळी मालकांनी मला जिन्यात फोन घेऊन बसलेलं पाहिलं. "हेर इंजेनियर," इंजिनिअरसाहेब म्हणावं तसं ते म्हणाले, "फळी धरायला माणूस हवाय."

"मला असं काम करायची परवानगी नाही. आउसलेंडरबेहोर्डला कळलं तर..." परदेशी लोकांच्या त्या सरकारी ऑफिसचं नाव काढतानाही मी आवाज खाली आणला.

"काम कुठलं? भाडेकरू उभा आहे, बघतोय. बघता बघता फळी हातात आली तर धरायची."

तशी मी फळी धरू लागलो. मालक पुढे, पट्ट्याजवळ. मी दुसऱ्या टोकाला, चिरून येणारी फळी उचलून बाजूला रचायला. ते दोन तास मी मेल बघत नसे. घरी गेलो की केसांतून भुसा गळायचा आणि मृणाल म्हणायची, "आज जरा माणसासारखा दिसतोयस."

हाइके दर दुसऱ्या रविवारी हायडेलबर्गहून यायची. पन्नाशीची, वडिलांसारखीच उंच, बोलायला तुटक. एकदा निघताना तिने मला फाटकाशी थांबवलं. "पपांनी हे बंद करावं असं मला वाटतं. ऐकत नाहीत. तुम्ही घरात असता, त्यांच्याजवळ उभे राहता. काही चुकीचं होताना दिसलं तर मला सांगाल ना?"

मी म्हणालो, "हो, नक्की सांगेन."

आणि मग अक्रोड आला.

गावातल्या एका वयस्कर बाईंच्या परसात अक्रोडाचं झाड होतं. नवऱ्याने लग्नानंतर लावलेलं. नवरा गेला, घर विकलं, त्या वृद्धाश्रमात जायच्या होत्या आणि घर घेणाऱ्याने झाड पाडलं. त्यांना त्या लाकडाची तीन टेबलं हवी होती, तीन मुलांसाठी. मालक परसातली झाडं कधीच घेत नसत. परसातल्या झाडाला माणसं काय काय ठोकतात, पाळणा, दोऱ्या, पक्ष्यांसाठी लाकडी घरं. बाई आल्या, अंगणातल्या बाकावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "झाड घराच्या दक्षिणेला उभं होतं. उन्हाळ्यात स्वयंपाकघरावर सावली पडायची." न विचारता सांगितलं. मालक नाही म्हणू शकले नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे त्या माणसाचं जेवण कमी झालं. आरपार चिरलं तर टेबलासाठी रुंद फळ्या मिळतील, पण वाकल्या तर? चार भाग केले तर फळ्या सरळ राहतील, पण तीन टेबलांना पुरतील का? फिरवून चिरलं तर एका मुलाला उत्तम आणि दुसऱ्याला गाभ्याजवळचं, तडे जाणारं लाकूड मिळेल. सकाळी मी खाली गेलो की ओंडक्यावर नव्या खडूच्या रेघा असत, दुपारी पुसलेल्या असत. मृणालने एकदा त्यांना वरणभात नेऊन दिला. ती त्यांना सरळ मराठीत "आजोबा" म्हणायची आणि ते त्यांच्या नावाचं भारतीय रूप आहे अशी त्यांची समजूत होती. भात तसाच ठेवून ते तिला म्हणाले, "तीन मुलं आहेत. ती भांडतील."

शेवटी आरपारच चिरायचं ठरलं, पण जाड फळ्या काढून. मंगळवार होता. सकाळी अकराच्या सुमारास मालकांनी मला डिटेक्टर दिला आणि स्वतः ट्रॉलीचे चिमटे तेल लावून बघायला लागले.

मी वरची बाजू तपासली, डावी तपासली. तीन ठिकाणी आवाज झाला, तीन खिळे निघाले. उजव्या बाजूला निम्म्यात होतो आणि फोन वाजला. फ्रँकफर्टचा नंबर. एका कंपनीत मी अर्ज केला होता, तिथल्या बाईंना "फक्त पाच मिनिटं" बोलायचं होतं. मी डिटेक्टर ओंडक्यावर ठेवला आणि अंगणात गेलो. पाचाची पंधरा मिनिटं झाली. पहिली मुलाखत तिथेच, फाटकाजवळ उभ्या उभ्या झाली. फोन ठेवला तेव्हा माझे पाय हलके झाले होते. गुरुवारी दुसरी मुलाखत, म्हणजे जवळजवळ झालंच. परत आलो, डिटेक्टर उचलला, उजव्या बाजूवरून एकदा फिरवला.

"झालं?" मालकांनी विचारलं.

"झालं."

"सगळं?"

"सगळं."

"खालची बाजू?"

मला आठवत नव्हतं. ओंडका उलटवला होता की नव्हता? उलटवायचा म्हणजे अर्धा तास. माझ्या डोक्यात गुरुवार होता. मी जरा त्रासूनच म्हणालो, "हो, सगळं झालंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो की आता नेहमीसारखे येतील, डिटेक्टर हातातून घेतील आणि स्वतः पुन्हा तपासतील. ते आले नाहीत. "गुट," म्हणाले आणि वळून त्यांनी बटण दाबलं.

पहिल्या दोन फळ्या सुंदर निघाल्या. काळसर तपकिरी, आत धुरासारख्या रेघा. मी तिसरीला हात पुढे केला आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. पुढे काय झालं ते मी तुकड्यातुकड्यानेच सांगू शकतो. पोलाद पोलादावर घासल्याचा आवाज. माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं, ते मागच्या लाकडी भिंतीत रुतलं. मालक मागे उडी मारताना सालीच्या फळकुटांवर पडले. मग चाकं थांबेपर्यंतची घरघर आणि ती थांबल्यावरची शांतता. मी धावलो. त्यांच्या कानाच्या वरून रक्त येत होतं आणि एक खांदा विचित्र खाली आला होता. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला लागलं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. कानाला सात टाके पडले. ओंडक्याच्या खालच्या बाजूने, सालीच्या आत चार बोटं, एक जाड लोखंडी आकडा होता. कपडे वाळत घालायच्या दोरीचा असणार. तीस-चाळीस वर्षांपूर्वी गिळलेला.

हाइके तडक हायडेलबर्गहून आली. हॉस्पिटलच्या खोलीत तिने पहिला प्रश्न विचारला, "ओंडका कोणी तपासला होता?"

मी खोलीत होतो. कॉटच्या पायाशी उभा. मला बोलायला तोंड उघडायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याच क्षणी मला गुरुवार दिसला, मृणालचं पोट दिसलं, ते सरकारी ऑफिस दिसलं.

"मी," मालक म्हणाले.

"आणि हे?" तिने माझ्याकडे पाहिलं.

"भाडेकरू आहेत. बघत उभे होते."

विम्याचा माणूस आला त्यालाही त्यांनी हेच सांगितलं. मग हाइकेने सॉमिलची किल्ली घेतली आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून वीज तोडली. अक्रोडाचा ओंडका दुसऱ्या गावातल्या मोठ्या मिलमध्ये गेला. तिथे तो अर्ध्या तासात चिरून झाला. लोखंडाभोवती अक्रोडाला निळा-काळा डाग पडला होता, तेवढा भाग काढून तीन टेबलं झाली आणि ती मुलं भांडली नाहीत, असं नंतर कळलं. पण गावात बोलणं फिरलं. बेकरीतली बाई मला म्हणाली, "वय झालं हो. एवढा आकडा हातातून सुटला." पोस्टमनने मान हलवली. मी पाव घेतला आणि बाहेर आलो.

मला ती नोकरी मिळाली. महिन्याभरात आम्ही फ्रँकफर्टला आलो, मुलगी झाली, यू-बानच्या स्टेशनजवळ छान फ्लॅट मिळाला. आणि मी कुठल्याही अनोळखी नंबरचा फोन उचलेनासा झालो. गॅस बंद आहे का ते तीनदा बघायचो. मुलीला गाडीत बसवलं की पट्टा लावायचो, काढायचो, परत लावायचो. मृणाल दोन-तीन महिने बघत राहिली. मग एका शनिवारी सकाळी तिने माझी पिशवी भरून टेबलावर ठेवली.

"उद्याचं तिकीट काढलंय तुझं. हाइकेही असणारे उद्या तिथे, मी विचारून घेतलं. जाऊन सांगून ये. नाही गेलास तर मी फोन करून सांगेन, आणि माझं जर्मन कसं आहे तुला माहीत आहे."

रविवारी दुपारी मी पोचलो तेव्हा बापलेक जेवायला बसत होते. हाइकेने माझ्यासाठीही ताट मांडलं, सूप वाढलं. मालक बारीक झाले होते. गालावर खडू नव्हता. आमच्या मुलीचे फोटो बघायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला, आणि मी फोटो दाखवायच्या आधीच बोलून टाकलं. फोन, पंधरा मिनिटं, खालची बाजू, "सगळं झालंय." एका दमात. माझं जर्मन व्याकरण पार कोसळलं होतं, पण कळलं दोघांना.

हाइकेने चमचा खाली ठेवला. "आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी यांना लहान मुलासारखं वागवतेय. मी यांची किल्ली काढून घेतली. आणि तुम्ही तिथे उभे होतात."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. फाटकाशी."

"हो."

ती उठली, आत गेली आणि किल्ली घेऊन आली. वडिलांच्या ताटाशेजारी ठेवली. मला वाटलं ते ती उचलतील. पण ते माझ्यावर भडकले. मी त्यांना इतकं लाल झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "कोणी सांगितलं होतं तुला?" ते ओरडले. पहिल्यांदाच मला अरेतुरे. "कोणी बोलावलं होतं?" किल्लीला हात न लावता ते उठले आणि अंगणात निघून गेले. मी हाइकेकडे पाहिलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी त्यांच्यामागे गेलो.

ते सॉमिलच्या बंद दाराला टेकून उभे होते. मग म्हणाले, "लोक म्हणायचे, किती बारकाईने काम करतो. बारकाई नव्हती ती. मला भीती वाटायची. पन्नास वर्षं, रोज. सकाळी बटण दाबायच्या आधी. बायकोला माहीत होतं. ती गेल्यावर कोणाला सांगणार? सॉमिलवाल्याला करवतीची भीती वाटते, हे सांगायचं कोणाला?"

"पण मी नीट तपासलं असतं तर..."

"मी पाहिलं होतं तुला," ते म्हणाले. "फाटकाजवळ. फोनवर. ओंडका उलटवलेला नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं."

मी फाटकाकडे पाहिलं.

"तू 'सगळं' म्हणालास आणि मला एकदम वाटलं, बस झालं. एकदा तरी न तपासता बटण दाबून बघावं. बाकीचे लोक जगतात तसं. एकदा." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि तू त्या टोकाला उभा होतास. तुझ्या बायकोला सहावा महिना होता, मला ठाऊक होतं. तो तुकडा भिंतीत गेला. मी रोज त्या भिंतीचाच विचार करतो. मुलीला म्हणालो, मी तपासलं होतं, चुकून राहिलं. ते सोपं होतं. म्हातारा चुकला. हे दुसरं सांगायला मला जमलं नाही."

मी म्हणालो, "मी नाही सांगणार कोणाला."

"तसंच तर आपण दोघांनी आठ महिने केलं," ते म्हणाले.

अंगणातल्या नळावर त्यांनी हात धुतले. हातांना काही लागलेलं नव्हतं, तरी कोपरापर्यंत धुतले. रुमालाने पुसले, आणि आत जाऊन मागे दार लावून घेतलं.

मी बाकावर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी उठून उभा राहिलो, मग परत बसलो. चौकातून परतीची बस गेली, ती झाडांमागे दिसेनाशी होईपर्यंत मी बघितली. पुढची बस दोन तासांनी होती. घरी फोन करावा असं वाटलं, पण काय सांगणार, अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडलं. हाइके उंबऱ्यात उभी होती. डोळे सुजलेले, हातात ओगराळं. माझ्याकडे बघताना ती रागावलेलीच होती, ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

"बाहेर का बसलाय?" ती म्हणाली. "आत या. सूप परत गरम केलंय, आणि पपा तुमच्याशिवाय सुरू करत नाहीत."